वाढणारा हात, वाढणारं वजन: घरच्या स्वयंपाकघरातून लठ्ठपणा आवरायचा कसा

आमच्या घरी तेलाची नवी पिशवी कापली की तिच्यावर पेनाने तारीख लिहायची, असा नियम आहे. तो सुरू झाला आईच्या गुडघ्यांमुळे. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, "गोळ्या देतो, पण आधी पाच-सहा किलो उतरवा. एक किलो वजन उतरलं की चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो." आई घरी येऊन पदराने डोळे पुसत म्हणाली, "मी खाते तरी काय गं? सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं तर खाते."

ती खरंच सांगत होती. पण त्या एका वाक्यात तिच्या वाढत्या वजनाचं निम्मं कारण होतं, हे माझ्या लक्षात यायला बरेच महिने गेले.

आपल्या भाषेत ताटात अन्न घालणं म्हणजे 'वाढणं' आणि अंगावर चरबी चढणं म्हणजेही 'वाढणं'. घरात ही दोन्ही वाढणी एकमेकींना धरून असतात. वजनकाट्यावर एकच माणूस उभा राहतो, पण त्याचं वजन ठरतं ते घराच्या रीतीवर: कढईत तेल किती पडतं, वाढणारं माणूस किती आग्रह करतं, संध्याकाळी पाचला कुठल्या डब्याचं झाकण निघतं. म्हणून एकट्याने सॅलडचा डबा घेऊन कोपऱ्यात बसण्यात फारसा अर्थ नाही, असं माझं ठाम मत झालंय. महिना-दीड महिना जमतं, मग सुटतं. घराचीच रीत थोडी थोडी बदलली तर मात्र ती टिकते. आम्ही ज्या क्रमाने बदललं, त्याच क्रमाने इथे सांगते.

आधी टेप आणा, काटा नंतर

शिवणकामाच्या डब्यातली टेप काढा. सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप धरा. पोट आत ओढायचं नाही. श्वास सहज सोडा आणि आकडा वाचा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. त्याच्या वर गेलात तर वजन बेताचं दिसत असलं तरी लक्ष घालायला हवं. आकडे लक्षात राहत नसतील तर एवढंच धरा की कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी.

कंबर आधी का, याचं उत्तर पुण्यातूनच आलंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणं दिली होती. उंची-वजनाच्या हिशेबात, म्हणजे बीएमआयमध्ये, दोघेही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे, पण आत पोटापाशी चरबी, अशी आपली ठेवण असते. त्यामुळे जगभर बीएमआय २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात, तर भारतीयांसाठी २३ आणि २५ हे आकडे वापरतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांत आढळला आणि एकूण लठ्ठपणा २८.६ टक्क्यांत. या दोन आकड्यांमध्ये जी माणसं सापडतात त्यांना कोणी जाडं म्हणत नाही. "खात्यापित्या घरचा दिसतोस" म्हणतात, आणि आपण ते कौतुक समजतो.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, त्याच काट्यावर करा. रोज केलंत तर आदल्या रात्रीच्या पापड-लोणच्यामुळे अंगात धरलेलं पाणीही किलोभर दिसतं आणि उगीच जीव खालीवर होतो. दोन्ही आकडे एका वहीत लिहा. ही वही पुढे कामाला येणार आहे.

तेलाच्या पिशवीवरची तारीख

सगळ्यात जास्त फरक इथे पडला, म्हणून इथे जरा थांबते.

आम्ही घरात चौघं. तारखा लिहायला लागल्यावर कळलं की महिन्याला पाच लिटर तेल संपतंय. तोवर कोणी विचारलं असतं तर "आमच्याकडे तेलकट नसतं हो काही" असंच मी म्हटलं असतं. हिशेब मांडून बघा. पाच लिटर म्हणजे वजनात सुमारे ४.६ किलो. चार माणसं आणि तीस दिवसांनी भागलं की माणशी रोज ३८ ग्रॅम आले. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे रोजच्या साधारण ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तूप, लोणी आणि बाहेरचं खाणं यात धरलेलंच नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात २००० कॅलरींच्या दिवसाच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. चौघांच्या घराला महिन्याला ते साधारण तीन लिटर तेल आणि अर्धा किलो तूप इतकं होतं. आम्ही तेवढंच ठरवलं आणि तीनच पिशव्या आणायला सुरुवात केली. चौथी पिशवी घरात नसेल तर हात आपोआप आवरतो.

पाचावरून तीनवर एका महिन्यात आलो नाही. पहिल्या महिन्यात साडेचार, मग चार, असं करत चार महिने लागले. ते कसं जमलं ते सांगते:

- तेलाची किटली ओट्यावरून उचलली. तिच्या चोचीतून धार पडते आणि धार मोजता येत नाही. आता तेल बरणीत असतं आणि बरणीत एक पोह्यांचा चमचा. फोडणीला चौघांच्या भाजीसाठी दोन चमचे. तेवढ्यात मोहरी तडतडते, हिंग-हळद फुलते.
- भाजी परतताना खाली लागायला लागली की आपण तेल सोडतो. त्याऐवजी पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं आणि झाकणावर थोडं पाणी ओतायचं. आजीची ही रीत विसरलो होतो. वाफेवर भेंडी सोडून बहुतेक भाज्या छान शिजतात. भेंडीला मात्र झाकण नको, चिकट होते.
- आमटीवर आणि रश्श्यावर तेलाचा तवंग हवाच असतो, विशेषतः आमच्या कोल्हापूरच्या पाहुण्यांना. तो तर्री करून वेगळ्या वाटीत ठेवते. ज्याला हवा त्याने चमचाभर घ्यावा.
- तळण पूर्ण बंद केलं नाही. आठवड्याला एक दिवस ठरवला. तो रविवार मुलं आतुरतेने मोजतात.

आता घडीची पोळी. कणकेत तेल, घडीत तेल, तव्यावर कडेने तेल आणि खाली उतरवल्यावर वरून तूप, असे चार मुक्काम. मी कणकेचं मोहन आणि घडीतलं बोट ठेवलं. तव्यावरचं काढलं. तूप ज्याचं त्याने ताटात लावून घ्यायचं, चहाचा अर्धा चमचा. एका पोळीमागे चहाचा एक चमचा तेल वाचलं तर ४० कॅलरी वाचतात, आणि चार पोळ्या खाणाऱ्या माणसाच्या १६०. पहिल्या आठवड्यात मुलाने "पोळी कोरडी आहे" म्हणून तोंड वाकडं केलं. कणीक जरा सैल मळून अर्धा तास झाकून ठेवायला लागले तेव्हा तक्रार थांबली. मऊपणा पाण्याने आणि मुरण्याने येतो. तेलाने आपण घाई भागवत होतो.

भाकरीचं वजन

"पोळी सोडली, आता भाकरीच खाते, तरी वजन हलत नाही," हे मी किमान दहा बायकांकडून ऐकलंय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा दोन्ही गोळे ठेवून बघा. माझ्या पोळीचा गोळा ४० ग्रॅमचा भरतो, त्यात पीठ साधारण २५ ग्रॅम. भाकरीचा गोळा ११० ग्रॅमच्या आसपास, त्यात पीठ ६५ ते ७०. म्हणजे एक भाकरी म्हणजे जवळजवळ अडीच पोळ्या. ज्वारी-बाजरी उत्तमच, चोथा जास्त, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, तेल लागत नाही. पण दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या घेतल्या तर पीठ अडीचपट झालं. एक भाकरी पातळ थापायची, आणि शेजारी पिठलं किंवा उसळ भरपूर घ्यायची.

भाताला आपण उगीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. कोकणातली, गोव्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या भात-आमटी, भात-हुमण खात आलीत आणि शेतात राबत आलीत. राबणं थांबलं, भाताची मूद तेवढीच राहिली. वाटीने मोजून घ्या. शिजलेल्या भाताची एक लहान वाटी म्हणजे १३० ते १५० कॅलरी, साधारण दीड पोळीइतक्या. आमच्याकडे पहिला वरणभात आणि शेवटचा ताकभात अशा दोन मुदी असायच्या, मध्ये पोळ्या. आता दोन्हींतली एकच मूद. कुठली, ते ज्याने त्याने ठरवायचं. आईने ताकभात ठेवला, मी वरणभात.

ताटाची डावी बाजू

जुन्या पद्धतीच्या ताटात डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी. मांडणी आपण सांभाळली, पण डावी बाजू आक्रसत गेली. कोशिंबीर म्हणजे चमचाभर काकडी आणि त्यावर मूठभर दाण्याचं कूट, असं झालंय.

पोषण संस्थेच्या त्याच ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत आणि धान्य २५० ग्रॅम. आपल्या घरांत हे बहुधा उलटं असतं. बदल करताना मी पोळ्या कमी करून सुरुवात केली नाही, डावी बाजू मोठी करून केली. प्रत्येकाच्या ताटात एक मोठी वाटी कोशिंबीर आधी येते: काकडी, गाजर, मुळा, कोबी, पातीचा कांदा, कधी पडवळ. दही घालायचं, कूट चहाचा एक चमचा, बस. ती आधी खायची, मग पोळी वाढायची. आधी पोटात चोथा आणि पाणी गेलं की तिसऱ्या पोळीसाठी हात पुढे येताना माणूस जरा थबकतो. सासरे आधी नाराज होते, "गवत" म्हणाले. मेथीची पचडी केल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

उजवीकडे प्रथिनं बघा. शाकाहारी मराठी जेवणात पातळ वरणाची एक वाटी असते आणि आपल्याला वाटतं डाळ खाल्ली. त्यात डाळ जेमतेम १५-२० ग्रॅम असते, म्हणजे प्रथिनं तीन-चार ग्रॅम. रोजची गरज मात्र किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम, ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वरण घट्ट करा. मटकी, मूग, चवळी, हरभरा, वाल यांची उसळ आठवड्यातून चार दिवस तरी हवी. अंडं चालत असेल तर एकात ६ ग्रॅम. बांगडा, सुरमई, मोरी जे मिळेल ते, पण तळलेल्या तुकडीपेक्षा कालवणात. प्रथिनं पुरेशी असतील तर भूक लवकर लागत नाही आणि वजन उतरताना स्नायू कमी झिजतात.

वाढणाऱ्याने काय करायचं

आता आईच्या त्या वाक्याकडे येते.

एक दिवस मी तिच्या शेजारी मुद्दाम बसून राहिले. सगळ्यांची जेवणं झाली होती. तिने ताट घेतलं. पातेल्यात दीड वाटी भात होता. "आता हा कुठे फ्रिजमध्ये ठेवायचा" म्हणून सगळा घेतला. नातवाने अर्धी टाकलेली पोळी, तीही घेतली. कढईत भाजी नव्हती, तळाशी फक्त तेल-मसाला राहिला होता. त्यात भात कालवून कढई पुसून घेतली. कोशिंबीर संपली होती. आमटी पळीभर. शेवटी मुलाच्या ताटातला अर्धा गुलाबजाम. तिच्या हिशेबी ती 'दोन घास' जेवली होती. माझ्या हिशेबी तिच्या वाट्याला भाजी, कोशिंबीर आणि पुरेशी डाळ सोडून सगळं आलं होतं.

लाखो घरांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात हेच येतं. अन्न हे पूर्णब्रह्म, ते टाकू नये, हा संस्कार खरा आणि चांगला आहे. पण बाईचं पोट म्हणजे उरलेलं अन्न ठेवायची जागा नव्हे. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तीन गोष्टी केल्या.

आईचं ताट सगळ्यांच्या आधी वाढून ठेवायचं, कोशिंबीर आणि उसळीसकट. नंतर काही झालं तरी तिचं ताट तेच.

भात मोजून लावायचा. चौघांना एक वेळेला दीड वाटी तांदूळ लागतात हे दोन आठवड्यांत कळलं. तोपर्यंत आम्ही 'असू दे, कोणी आलंच तर' म्हणून दोन वाट्या लावत होतो. उरलाच तर लगेच फ्रिजमध्ये, सकाळी फोडणीचा भात. पोह्यांऐवजी तोच नाश्ता, जास्तीचा नव्हे.

पातेली टेबलावर आणायची नाहीत. ताटं ओट्यावर वाढून आणायची. हवं असेल त्याने उठून जाऊन घ्यायचं. पातेलं समोर असलं की भूक नसताना पळी फिरते, हे आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलंय.

आणि आग्रह. "माझ्या हातची एक घ्याच", "नाही म्हणू नका", "एवढ्याने काय होतंय". आपली माया आपण अशीच दाखवत आलो. मीही दाखवते. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या मेव्हण्याला तिसरी पुरणपोळी वाढताना माझा हात थांबला पाहिजे, हे मला आता कळतं. आमच्या घरात आता एकदा विचारतो, दुसऱ्यांदा विचारत नाही. पाहुण्यांना आधी चमत्कारिक वाटलं. बाहेर कोणी आग्रह केला तर "पोट भरलं" म्हणून भागत नाही, ते कोणी मनावर घेत नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटलं की वाढणारा हात लगेच मागे जातो. आणि पहिल्यांदाच थोडं कमी वाढून घेतलं तर दुसऱ्यांदा घेऊन वाढणाऱ्याचं मनही राखता येतं.

जेवताना मालिका आणि मोबाइल बंद ठेवा, हे सगळे सांगतात, मीही सांगते. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात आणि मालिकेचा एक भाग बघत बघत चार पोळ्या दहा मिनिटांत संपतात.

चार ते सात

नाश्ता आणि दोन जेवणं ठीक असलेल्या माणसाचं वजन बहुधा या तीन तासांत वाढतं. चहा, त्याबरोबर खारी किंवा बिस्किटं, मग येता-जाता चिवड्याची मूठ.

आधी साखर. तीन कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे दिवसाला २५ ते ३० ग्रॅम. पोषण संस्था सांगते ती २० ते २५ ग्रॅमची मर्यादा चहातच ओलांडली. साखर एकदम तोडू नका, चहा कडवट लागतो आणि चार दिवसांत माणूस परत येतो. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. दोनवरून अर्ध्यावर यायला दीड महिना लागतो आणि जिभेला पत्ता लागत नाही. गुळाच्या चहाच्या पाट्या आता गल्लोगल्ली आहेत. गुळाची चव मला आवडते, पण वजनाच्या हिशेबात गूळ आणि साखर जवळजवळ सारखेच.

डब्यांची जागा बदला. शेव-फरसाणाची ५० ग्रॅमची मूठ म्हणजे पावणेतीनशे कॅलरी. तो डबा वरच्या कप्प्यात, स्टूल घेतल्याशिवाय निघणार नाही असा. हाताशी ठेवायचे फुटाणे, कुरमुरे, लाह्या, फळं. कुरमुऱ्यांत कांदा, टोमॅटो, कैरी आणि फुटाणे घालून सुकी भेळ केली की मुलं शेव विसरत नाहीत, पण चिमटीवर भागवतात. ऑफिसातून सुटणाऱ्यांनी चारच्या सुमाराला एक फळ किंवा मूठभर फुटाणे खावेत. भुकेल्या पोटी स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीसमोरून जाणं फार अवघड असतं.

दोनदा की सहादा

डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवणाची पद्धत आणि ऋजुता दिवेकरांची थोड्या थोड्या वेळाने थोडं खाण्याची पद्धत, यांवर मराठी घरांत पुष्कळ वाद झाले. माझ्या ओळखीत दोन्हींनी उतरलेली माणसं आहेत आणि दोन्ही सोडून पूर्ववत झालेलीही. ज्या पद्धतीत दिवसाचं एकूण खाणं कमी होतं आणि जी तुमच्या कामाच्या वेळांत बसते ती तुमची. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर मात्र जेवणाची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.

एकादशी आणि दुप्पट खाशी

ही म्हण आपल्याच अनुभवातून आलीय. साबुदाण्याच्या खिचडीची एक ताटली बघा: ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, पाव वाटी कूट, बटाटा, मोठा चमचा तूप. साधारण ६०० कॅलरी. प्रथिनं सातआठ ग्रॅम, ती जवळजवळ सगळी दाण्यांची, कारण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यावर संध्याकाळी वेफर्स आणि रात्री साबुदाणेवडे. श्रावणात आणि नवरात्रात वजन वाढतं ते यामुळेच.

उपास सोडा असं मी म्हणणार नाही, मी स्वतः करते. एका वेळेला वऱ्याचे तांदूळ, दाण्याची पातळ आमटी आणि उपासाला चालणारी काकडीची दह्यातली कोशिंबीर. दुसऱ्या वेळेला उकडलेलं रताळं आणि ताक, किंवा फळं. खिचडी आषाढी, कार्तिकी आणि महाशिवरात्रीला, मनापासून.

सणांचंही तसंच. एक मध्यम बेसन लाडू १८० ते २०० कॅलरींचा. साधारण ६५ किलोच्या माणसाने पाऊण तास भरभर चाललं तर तेवढ्या खर्च होतात. म्हणून लाडू खाऊन चालून भरपाई करू, हा हिशेब मोडीत निघतो. फराळ निम्म्या मापाने करा. दिवाळीचे चार दिवस आणि पाहुणे-शेजारी इतकंच ते पुरावं, तुळशीच्या लग्नापर्यंत डबे भरलेले नकोत. सणाच्या दिवशी ताटात पुरणपोळी, मोदक, श्रीखंड जे असेल ते चवीने खा, त्या जेवणात भात आणि तळण मात्र सोडा. आमरसाच्या दिवशी रसात साखर नको आणि पोळ्या दोनच.

पाय आणि हात

चालण्याने वजन फार उतरत नाही, हे वर आलंच. पण उतरलेलं वजन टिकतं ते चालण्याने, आणि रक्तदाब, साखर, झोप सगळं सुधारतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने. एकदम अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. रात्री जेवल्यावरची शतपावली त्यातलाच एक तुकडा समजा, फक्त शंभर पावलांवर थांबू नका. जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याने रक्तातली साखर कमी चढते. आम्ही जेवण साडेनऊवरून आठवर आणलं, तेव्हाच शतपावलीला वेळ मिळायला लागला.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम हवेतच, बायकांना तर जास्त. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जा घटते. जिम नको असेल तर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. गुडघे धड असतील तर सूर्यनमस्कार, तीनपासून सुरू करून. आईने खुर्चीच्या उठाबशा पाचपासून सुरू केल्या.

झोपेबद्दल थोडक्यात: सहाच्या खाली गेली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोड-तळलेल्याकडे हात जातो. सात तास तरी मिळवा.

मुलांच्या बाबतीत

वाढत्या वयातल्या मुलाला डाएटवर ठेवू नका आणि घरात, पाहुण्यांसमोर तर मुळीच, 'जाड्या', 'ढोल्या' म्हणू नका. ते शब्द मुलं आयुष्यभर विसरत नाहीत आणि काही मुलं लपून खायला लागतात. बदल घराच्या तेलात, डब्यांत आणि संध्याकाळच्या खेळात करा. बक्षीस म्हणून चॉकलेट आणि शिक्षा म्हणून भाजी, हे दोन्ही थांबवा. उलट, बाळसं धरलेलं बाळ आणि लठ्ठ होत चाललेलं दहा वर्षांचं मूल यांतला फरक बालरोगतज्ज्ञाकडून वाढीच्या तक्त्यावर समजून घ्या.

वजन अडलं तर, आणि डॉक्टरांकडे कधी

महिन्याला एक ते दोन किलो हा चांगला वेग. फार जलद उतरलं तर पाणी आणि स्नायू जास्त जातात. तीन-चार महिन्यांनी वजन अडतंच, कारण हलक्या झालेल्या शरीराला कमी लागतं. तेव्हा खाणं आणखी तोडू नका. वही काढा, तेलाच्या तारखा बघा. आमच्याकडे पाचव्या महिन्यात काटा थांबला, तेव्हा पिशवी पुन्हा सात दिवसांत संपत होती. कंबर मोजा, कारण काटा थांबलेला असताना टेप कधीकधी खाली येते. आणि आदर्श वजनाचा हट्ट सोडा. ज्यांना मधुमेहाचा धोका होता अशा लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात आहार-व्यायामाच्या गटाला ७ टक्के वजन उतरवण्याचं उद्दिष्ट दिलं होतं, आणि त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. सत्तर किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे पाच किलो.

काही वेळा मात्र सवयींना दोष देत बसू नये. खाण्यात बदल नसताना वजन भराभर वाढत असेल, पाळी अनियमित असेल, थकवा येत असेल आणि थंडी सोसत नसेल, घोरण्याने झोपमोड होत असेल, पायांवर सूज असेल, तर थायरॉइड, पीसीओएस (बीजांडकोशाशी संबंधित संप्रेरकांचा विकार), झोपेतला श्वासाचा अडथळा यांची तपासणी करून घ्या. स्टेरॉइड, मनोविकारावरची काही औषधं, मधुमेहाची काही औषधं यांनीही वजन वाढतं. ती मनाने बंद करू नका, पर्याय आहे का ते विचारा. वजन कमी करायची नवी इंजेक्शनं काही रुग्णांना खरोखर उपयोगी आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, दुकानातून परस्पर नव्हे. प्रयत्न न करता वजन उतरायला लागलं तर तेही आनंदाने घेऊ नका, आधी तपासणी.

जाताना ती वही बरोबर न्या. आईने नेली होती: एका बाजूला वजन आणि कंबर, दुसऱ्या बाजूला तेलाच्या तारखा, मध्येच माझ्या मुलाच्या अक्षरात 'आज आजी तीन जिने चढली'. डॉक्टरांनी दोन गोळ्यांपैकी एक कमी केली.